गुडघेदुखी आणि शॉकवेव्ह: तुमच्या पत्रांना उत्तरं

गेल्या अंकात झिजलेल्या गुडघ्यांसाठीच्या व्यायामांवर लिहिलं होतं. त्यानंतर आलेल्या बऱ्याच पत्रांत व्यायाम राहिला बाजूला आणि शॉकवेव्हबद्दलच, म्हणजे मशीनने दुखऱ्या जागी दाबाच्या लहरी सोडायच्या उपचाराबद्दलच, विचारलंय. म्हणून हा अंक त्याच विषयाला.

प्रश्न: माझी आई ६४ वर्षांची आहे, कराडजवळच्या आमच्या गावी राहते. दोन्ही गुडघे दुखतात, उजवा जास्त. एक्स-रेच्या रिपोर्टवर ‘ग्रेड ३’ लिहिलं आहे. जिना उतरताना कठडा धरून एकेक पायरी उतरते, जमिनीवर मांडी घालून बसणं बंद झालंय. बीपी आणि शुगर दोन्ही आहे. दुखलं की मेडिकलमधून गोळी आणून घेते. पुण्यात एका सेंटरमध्ये दाखवलं. त्यांनी सहा वेळा शॉकवेव्ह घ्यायला सांगितली, १८ हजारांचं पॅकेज, त्याच दिवशी भरलं तर सूट. ‘गुडघ्यातली गादी पुन्हा तयार होईल, ऑपरेशन टळेल’ असं ते म्हणाले. शेजारच्या काकूंना तीन वेळा घेऊनच फरक पडला म्हणतात. आईने फार आस लावली आहे. काय करावं? – एक वाचक, पुणे

उत्तर: ‘गादी पुन्हा तयार होईल’ हे वाक्य आधी बाजूला काढू या. ज्याला आपण गादी म्हणतो ती हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा. तिला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, म्हणून मोठ्या माणसांत ती एकदा झिजली की भरून येत नाही. शॉकवेव्ह दिल्यावर कूर्चेची झीज मंदावली, असं प्रयोगशाळेतल्या प्राण्यांमध्ये दिसलं आहे. पण माणसाच्या झिजलेल्या गुडघ्यात या उपचाराने कूर्चा पुन्हा उगवली, असं आजवर सिद्ध झालेलं नाही. हे वाक्य बोलून कोणी तुमच्याकडून पैसे भरून घेत असेल, तर तिथून उठून या. उपचार वाईट आहे म्हणून नव्हे. जिथे पहिलंच वाक्य खोटं आहे, तिथे पुढची काळजी नीट घेतली जाईल, याची मला खात्री वाटत नाही.

आता उपचाराबद्दल. मी फिजिओथेरपिस्ट आहे, हे मशीन आमच्या विभागात आहे आणि मी ते वापरते. तेव्हा त्याच्या बाजूनेही बोलते.

बहुतेक फिजिओथेरपी केंद्रांत असतं ते रेडियल प्रकारचं मशीन. त्याच्या हँडपीसमध्ये एक नळी असते. कॉम्प्रेसरची हवा त्या नळीतला धातूचा छोटा तुकडा पुढे ढकलते, तो टोकावर आदळतो आणि त्या ठोक्याचा दाब जेल लावलेल्या त्वचेतून आत जातो. सेकंदाला आठ-दहा ठोके, एका बैठकीत साधारण दोन हजार किंवा जास्त. कट्‌कट्‌ असा मोठा आवाज येतो. विजेचा झटका मुळीच बसत नाही. या प्रकारात जोर त्वचेजवळ सगळ्यांत जास्त असतो आणि खोल जाईल तसा कमी होत जातो. दुसरा प्रकार फोकस्ड. भिंगाने उन्हाचा ठिपका कागदावर एकवटावा, तशा त्यात लहरी शरीराच्या आत ठरावीक खोलीवर एकवटतात. ही मशीन महाग असतात आणि कमी ठिकाणी असतात. तुमच्या आईंना कोणत्या प्रकारचं देणार, हे विचारा. ज्याला उत्तर देता येत नाही, त्याच्याकडून उपचार घेऊ नका.

मी देते तेव्हा गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून आधी बोटाने दाबून बघते. कूर्चेला वेदनेच्या नसा नसतात. दुखतं ते तिच्याखालचं हाड, सांध्याचं अस्तर आणि भोवतालचे स्नायुबंध. अनेक बायकांचा दुखरा बिंदू सांध्याच्या फटीत नसतोच, तो गुडघ्याच्या आतल्या बाजूला चार बोटं खाली, मांडीचे स्नायू नडगीला येऊन चिकटतात तिथे सापडतो. अशा जागी शॉकवेव्हचा उपयोग झालेला मी जास्त पाहिला आहे. गुडघ्याच्या मागच्या खोलगट भागावर मात्र ती द्यायची नाही, तिथून मोठ्या रक्तवाहिन्या आणि नसा जातात. सुरुवात कमी दाबावर करायची, पेशंटला ‘दहापैकी किती दुखतंय’ विचारत राहायचं आणि सहन होईल तेवढंच वाढवायचं. नंतर एक-दोन दिवस जागा लाल होते, ठणकते, क्वचित काळीनिळी पडते. मधुमेहात पायांची जाणीव कमी झालेली असू शकते, आणि मग पेशंट ‘काही दुखत नाही’ म्हणत राहतो. म्हणून तुमच्या आईंच्या बाबतीत आधी तळपाय आणि गुडघ्याभोवतीची संवेदना तपासून घ्यायला सांगा.

रिपोर्टवरच्या ‘ग्रेड ३’ने घाबरून जाऊ नका. ही प्रतवारी १९५७ साली केलग्रेन आणि लॉरेन्स या दोन डॉक्टरांनी एक्स-रे वाचण्यासाठी बनवली. ती हाडांमधली फट आणि कडेला वाढलेलं हाड सांगते, दुखणं सांगत नाही. ग्रेड ३ असून रोज बाजार करून येणाऱ्या बायका माझ्याकडे येतात, आणि ग्रेड १ असून रडणाऱ्याही.

मग फरक पडतो का? काही जणांना पडतो. २०१३ साली चीनमधल्या ७० रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात अर्ध्यांना आठवड्यातून एकदा असं चार आठवडे खरी शॉकवेव्ह दिली, बाकीच्यांना नुसता देखावा केला. बारा आठवड्यांनी खरा उपचार मिळालेल्यांचं दुखणं जास्त कमी झालेलं होतं. त्यानंतरही असे लहान-लहान अभ्यास झाले आणि त्यांतल्या बऱ्याच अभ्यासांचा कल त्याच बाजूला आहे. अमेरिकेतल्या अस्थिरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०२१च्या मार्गदर्शिकेत गुडघ्याच्या झिजेसाठी शॉकवेव्ह ‘वापरता येईल’ असं म्हटलं, पण पुराव्याला ‘मर्यादित’ हा शिक्का मारला. म्हणजे देणाऱ्या डॉक्टरला चूक म्हणता येणार नाही, आणि न देणाऱ्यालाही. पुरावा मर्यादित का? या अभ्यासांत रुग्ण थोडे, प्रत्येकाने दिलेला दाब वेगळा, ठोके वेगळे, आणि पाहणी बहुधा काही महिन्यांचीच. वर्षा-दोन वर्षांनी काय राहतं, ते या अभ्यासांतून नीट कळत नाही.

देखाव्याचा उपचार कशाला, असं वाटेल. गुडघ्याच्या बाबतीत तो फार गरजेचा आहे. अमेरिकेत ह्यूस्टनला गुडघ्याच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनवर १८० रुग्णांचा अभ्यास झाला, तो २००२ साली प्रसिद्ध झाला. काहींचा सांधा आतून धुतला, काहींची कूर्चा खरवडून साफ केली आणि काहींच्या त्वचेवर फक्त छेद देऊन टाके घातले. दोन वर्षांत कधीही या तिन्ही गटांच्या दुखण्यात फरक सापडला नाही. नुसते टाके पडलेल्यांनाही बरं वाटलं होतं. झिजेचं दुखणं मुळातच चढतं-उतरतं. माणूस उपचाराला येतो तो दुखणं शिगेला पोचल्यावर, त्यामुळे पुढच्या काही आठवड्यांत ते बऱ्याचदा आपसूक थोडं उतरतं. शेजारच्या काकू खोटं बोलत नाहीयेत, त्यांना खरंच बरं वाटलं आहे. पण ते कशाने, हे त्यांच्या एकट्यांच्या अनुभवावरून ठरवता येत नाही.

माझं मत स्पष्ट सांगते. शॉकवेव्हने दुखणं कमी झालं, तर त्या आठवड्यांत मांडीचे आणि कुल्ल्याचे स्नायू बळकट करून घ्यायचे. तेवढ्यासाठीच मी ती वापरते. दुखऱ्या गुडघ्याचा माणूस स्नायू वापरायचं टाळतो, न वापरल्याने ते बारीक होतात आणि सगळा भार सांध्यावर येतो. हे चक्र कुठेतरी तोडावं लागतं. नुसती शॉकवेव्ह घेऊन घरी जाऊन बसलं, तर काही महिन्यांत माणूस पुन्हा होता तिथेच येतो. व्यायामाच्या मागे मात्र भक्कम पुरावा आहे. कॉक्रेन ही संस्था एकाच विषयावरचे अभ्यास एकत्र करून तपासते. तिच्या २०१५च्या आढाव्यात ५४ अभ्यास होते आणि व्यायामाने दुखणंही कमी होतं, हालचालही सुधारते, असा त्यांचा निष्कर्ष होता. ब्रिटनच्या २०२२च्या मार्गदर्शिकेतही व्यायाम आणि वजन याच गोष्टी आधी येतात.

आईंना हे सुरू करून द्या. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, बसायची जागा उंच हवी, लागलं तर वर घट्ट उशी घाला. हात न टेकता उठायचं, सावकाश बसायचं, आठ-दहा वेळा. जमू लागलं की उशी काढायची. पलंगावर पाय लांब करून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, ती खाली दाबून पाच सेकंद धरायची. स्वयंपाकघरातला ओटा धरून सरळ उभं राहायचं आणि पाय बाजूला उचलायचा, कंबर न वाकवता. दोन-तीन आठवड्यांनी खुर्चीत बसून पाय सरळ करताना घोट्याला एक किलोची मिठाची पुडी ओढणीत गुंडाळून बांधायची. हे आठवड्यातून तीन दिवस, आणि रोज झेपेल तेवढं चालणं. व्यायाम करताना थोडं दुखणारच. दहापैकी पाचाच्या आत असेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पहिल्यासारखं होत असेल तर चालू ठेवायचं. नाही झालं तर वेळा कमी करायच्या, बंद करायच्या नाहीत. पायऱ्या उतरताना काठी वापरायची, दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात. वजन जास्त असेल तर तिथेही हात घाला. एक किलो उतरलं तरी प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा साधारण चार किलोंचा भार हलका होतो, हे मोजून पाहिलेलं आहे.

शॉकवेव्हपेक्षा मला काळजी वाटते ती मेडिकलमधल्या गोळीची. बीपी आणि शुगर असलेल्या माणसाने दुखण्याच्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता घेत राहिल्या तर मूत्रपिंडावर परिणाम होतो, बीपीही चढतं. या आठवड्यात त्यांचं क्रिएटिनिन (मूत्रपिंड कसं चालतंय ते सांगणारी रक्ताची तपासणी) तपासून घ्या आणि कोणती गोळी, किती दिवसांपासून, हे पाकीट घेऊन फिजिशियनना दाखवा. गुडघ्यासाठी वरून चोळायचं डायक्लोफिनॅकचं जेल चालेल का, तेही विचारा. पोटात घेतलेल्या गोळीपेक्षा त्यातलं औषध रक्तात फार कमी उतरतं.

शॉकवेव्ह द्यायचीच असेल तर सहाचे पैसे एकदम भरू नका. एकेका वेळेचे पैसे द्या. आधी एक गोष्ट कागदावर लिहून ठेवा: अर्ध्या मिनिटात खुर्चीवरून हात न टेकता किती वेळा उठता येतं. तीन वेळा घेऊन झाल्यावर आणि पुन्हा दीड-दोन महिन्यांनी मोजा. आकडा हलला नाही, जिना तसाच अवघड राहिला, तर पुढची शॉकवेव्ह नको. आणि ‘ऑपरेशन टळेल’ हे वचन कोणी देऊ शकत नाही. पाय धनुष्यासारखा वाकला असेल, रात्री दुखण्याने झोप मोडत असेल, घराबाहेर पडणं बंद झालं असेल, तर शॉकवेव्हवर पैसे घालवू नका. सांधेरोपणाचा सल्ला घ्या. कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर केंद्र सरकारने ऑगस्ट २०१७पासून कमाल मर्यादा घातली आहे, तेव्हा बिलात इम्प्लांटची किंमत वेगळी दाखवायला सांगा.

प्रश्न: माझा मुतखडा काही वर्षांपूर्वी मशीनने बाहेरूनच लहरी सोडून फोडला होता. आता गुडघ्यासाठी त्याच लहरी सांगितल्या आहेत. ज्या लहरीने दगड फुटला तिने हाड फुटणार नाही का? – एक वाचक, बार्शी

उत्तर: फार रास्त शंका आहे. दोन्ही उपचार एकाच घराण्यातले. जर्मनीतल्या डॉर्निए या विमान बनवणाऱ्या कंपनीत आघातलहरींचा अभ्यास चालू होता. अतिवेगवान विमानावर पावसाचा थेंब आदळला तर धातूचं काय होतं, हा त्यांचा मूळ प्रश्न. त्यातून पुढे मुतखडा फोडायचं यंत्र आलं आणि ७ फेब्रुवारी १९८० रोजी म्युनिकमध्ये पहिल्या रुग्णावर ते वापरलं गेलं. त्या वेळी पेशंटला पाण्याच्या टबात बसवावं लागे.

खडा फुटतो त्याचं कारण असं. आपलं शरीर बहुतांशी पाण्यासारखं आहे, त्यातून लहर फारशी न अडता जाते. खडा लागला की ती अडते, परतते आणि तिचा ताण खड्यावर पडतो. भोवतीच्या लघवीत सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात, तेही त्याला कुरतडतात. हे सगळं व्हायला मोठी ऊर्जा एका बिंदूवर एकवटावी लागते. गुडघ्याला देतात ती ऊर्जा त्याहून पुष्कळ कमी. रेडियल मशीनचा ठोका तर काटेकोर अर्थाने आघातलहरही नाही, ती दाबाची लहर आहे. तिने हाड फुटत नाही. उलट मुतखड्याच्या काळातच डॉक्टरांच्या लक्षात आलं की या लहरींनी हाड वाढायला चालना मिळते, आणि १९९०च्या आसपास न जुळणाऱ्या फ्रॅक्चरसाठी त्या वापरायला सुरुवात झाली. मग खांदा, टाच असं करत करत त्या गुडघ्यापर्यंत आल्या. टाचेच्या जुनाट दुखण्यासाठी अमेरिकेत २००० साली मान्यता मिळाली. गुडघ्याची झीज या यादीत बरीच उशिरा आली आहे.

तुमच्या पत्रात आणखी एक ओळ आहे, गुडघा कधीकधी ‘अडकतो आणि मग सोडवावा लागतो’. हे आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. सांध्यात सुटा तुकडा असेल तर मशीनचा उपयोग नाही.

प्रश्न: वडिलांची अँजिओप्लास्टी झाली आहे, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत. डाव्या गुडघ्याचं सांधेरोपणही झालं आहे. उजव्याला शॉकवेव्ह चालेल का? – एक वाचक भगिनी, नाशिक

उत्तर: वॉरफरिनसारखी गोळी चालू असेल तर मी देत नाही, आत रक्तस्राव होऊन रक्त साचण्याचा धोका असतो. ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल असेल तर हृदयरोगतज्ज्ञांना विचारून, कमी दाबावर देता येते, पण घाईचं कारण काहीच नाही. शॉकवेव्हसाठी म्हणून या गोळ्या एक दिवसही बंद करू नका. कोणी बंद करायला सांगितल्या तर आधी हृदयरोगतज्ज्ञांना फोन करा. डाव्या गुडघ्यावर, म्हणजे इम्प्लांटवर, ती द्यायची नाही. पेसमेकर असेल, उजव्या गुडघ्यात नुकतंच स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलं असेल, तिथे जंतुसंसर्ग किंवा गाठ असेल तर तेही कोणी विचारायची वाट न बघता सांगून टाका. गुडघा अचानक लाल, गरम होऊन सुजला आणि ताप आला, तर फिजिओकडे जायचंच नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल.

प्रश्न: ताई, माझं वय ५२. सोयाबीन आणि भुईमूग आहे, भांगलण घरच्या बायकाच करतो. मागच्या पावसाळ्यात गुडघे इतके धरले की दुपारनंतर उठवत नव्हतं. यंदा मेच्या शेवटाला शॉकवेव्ह घेतली तर हंगाम निघेल का? – एक वाचक भगिनी, गडहिंग्लज

उत्तर: ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. हंगाम काढायचा आहे म्हणून उपचार विचारणारी बाई काम सोडून गुडघा सांभाळा म्हटल्यावर ऐकणार नाही, आणि ऐकणं तिला परवडणारही नाही, हे मला कळतं.

एक गोष्ट सांगते. शर्यतीच्या घोड्यांच्या पायांवर शॉकवेव्ह खूप वापरतात. पण उपचारानंतर काही दिवस तो घोडा स्पर्धेत उतरवायचा नाही, असा नियम आहे. कारण लहरींनी पायाचं दुखणं तात्पुरतं बधिर होतं, घोडा दुखऱ्या पायावर पूर्ण जोर देऊन पळतो आणि पाय मोडून घेतो. तुम्ही मेच्या शेवटाला घेऊन जूनमध्ये दिवसभर उकिडव्या बसलात तर तोच धोका तुम्हाला आहे. शिवाय तिचा खरा फरक दिसायला बऱ्याचदा सहा ते बारा आठवडे लागतात. म्हणजे भांगलण उरकून जाईल आणि मग बरं वाटायला लागेल.

घ्यायचीच असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये घ्या, आठवड्याला एक, तीन वेळा, आणि वर लिहिलेले व्यायाम त्यासोबत. ऊस तोडून झाला, रानात काम कमी आहे, तेव्हाच मांडीत ताकद येईल. न घेता नुसते व्यायाम केलेत तरी मला चालेल, पैसे वाचतील.

रानातलं काम बदलता येतं का तेही बघा. ओळीत पेरलं असेल तर दोन ओळींमधलं तण सायकल कोळप्याने उभ्याने निघतं, मग खुरपं फक्त रोपांच्या बुडाशी लागतं. तेवढ्यासाठी वीतभर उंचीचा पाट सोबत न्या आणि त्यावर बसून सरका. उकिडवं बसल्यावर गुडघ्याच्या वाटीवर सगळ्यांत जास्त दाब येतो, एवढ्याशा उंचीनेही तो उतरतो. एक सरी झाली की उभ्या राहा, बांधापर्यंत चालून या. सगळ्या बायकांनी मिळून हे ठरवलं तर एकटीला संकोच वाटणार नाही. घरात संडास भारतीय पद्धतीचा असेल तर त्यावर ठेवायची कमोड खुर्ची मिळते, ती पावसाळ्याआधी आणा.

सकाळी उठल्यावर बोटंही तासभर आखडलेली असतात, असं तुम्ही शेवटी लिहिलंय. ते झिजेचं लक्षण नाही. आमवात आहे का, ते रक्त तपासून बघावं लागेल. त्याची औषधं वेगळी असतात आणि ती लवकर सुरू झाली तर सांधे वाचतात. शॉकवेव्हचा विचार त्यानंतर. आधी उपजिल्हा रुग्णालयात जाऊन डॉक्टरांना दोन्ही हात दाखवा.